कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या वेळा

पुणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर लघवीच्या त्रासाचा हा विषय निघाला की बाबा ‘दारात कुणीतरी आलंय’ म्हणून फोन ठेवतात आणि आई, तू आवाज इतका खाली आणतेस की मला अर्धं ऐकूच येत नाही. म्हणून लिहायला बसले. बाबांनी आधी एकट्याने वाचलं तरी चालेल, पण मग आईच्या हातात द्या. तिच्यासाठीही लिहिलंय.

आई, संपलेल्या जानेवारीचं पान उलटं करून मागे तू बाबांच्या रात्रीच्या उठण्याच्या ज्या वेळा लिहिल्यास, त्याचा फोटो मी गुरुवारपासून कितीदा उघडून बघितला असेल. ११.१०, १२.४०, २.०५, ३.२५, ४.५०. प्रत्येक वेळेपुढे मापाच्या भांड्यातल्या लघवीचा आकडा, मिलिलिटरमध्ये. ११०, ९०, १२०, ८०, १००. मधेच एका ओळीत ‘दुधाचे ३ दिवस खाडे’. डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंद मागितली होती, तू आठ दिवसांची ठेवलीस. बाबा पाच वेळा उठले म्हणजे तूही पाच वेळा उठलीस, दिवा लावलास, चष्मा शोधलास, आकडा बघून लिहिलास. आणि सकाळी सहाला पाणी येणार म्हणून पुन्हा उठलीस. बाबा, हा त्रास तुमच्या एकट्याचा आहे असं समजून तुम्ही तीन वर्षं गप्प बसलात. तो तुमच्या एकट्याचा कधीच नव्हता.

खरं तर गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला कळायला लागल्यापासून, करोनाची वर्षं सोडली तर, एक वर्ष असं गेलं नाही की तुम्ही पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला चालत गेला नाहीत. मला खांद्यावर घेऊन गेलात तेव्हाचं त्या उंच नंदीध्वजाचं खोबऱ्याचा हार घातलेलं टोक अजून डोळ्यासमोर आहे. यंदा ‘गुडघा धरलाय’ म्हणून घरी बसलात. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं हे मला आईने नंतर सांगितलं. दिवसभराच्या वाटेत दर तासाला जायचं कुठे, ही धास्ती होती. त्याच धास्तीने मागच्या मे महिन्यात, अंग भाजून निघणाऱ्या सोलापूरच्या उन्हात, तुम्ही दिवसाला दोन-तीन तांब्यांवरून दोन पेल्यांवर आलात. पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, जंतुसंसर्गाला वाट मिळते. म्हणजे ज्याने त्रास कमी होईल असं तुम्हाला वाटलं, त्यानेच तो वाढत होता.

आणि मग संक्रांतीच्या आदल्या रात्री ती सर्दीची गोळी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये असं औषध असतं की त्याने मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळले जातात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने साफ अडू शकते. तुमची अडली. रात्री अडीचला रिक्षातून जाताना तुम्ही आईचा हात इतका दाबून धरला होता की तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. नळी घातली तेव्हा पिशवीत आठशे मिलिलिटर जमा झालं. आता हात जोडून सांगते, सर्दी-खोकल्याचं कुठलंही औषध आधी ‘मला प्रोस्टेटचा त्रास आहे’ असं सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. आठवडाभर नळी बाळगलीत, ती निघाली, आता परत स्वतःहून होतंय. पण एकदा अडलेली पुन्हा अडू शकते, आणि तुमचे आकडे बघता ती वेळ येऊ द्यायची नाही असं मला वाटतं.

आकडे पुन्हा एकदा लिहिते, कारण त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही भिंतीकडे बघत बसला होतात. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाखाली असलेली गाठीसारखी ग्रंथी. तिच्या मधून लघवीची वाट जाते. तरुणपणी ती वीसेक ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते. वय वाढेल तशी ती जवळजवळ सगळ्याच पुरुषांची वाढते. साठीच्या पुढच्या निम्म्या पुरुषांत ती वाढलेली सापडते, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांत. तुमची सोनोग्राफीत ९२ ग्रॅम आली आहे. लघवी करून आल्यावरही १८० मिलिलिटर आत राहते. यंत्रावर धार मोजली ती सेकंदाला ७ मिलिलिटर. दहाच्या खाली आली की बहुतेक वेळा अडथळा असतो असं धरतात. त्या सात प्रश्नांच्या कागदावर ३५ पैकी २४ गुण पडले, वीसच्या वर गेलं की त्रास तीव्र समजतात.

आई, तुझ्या मनातली भीती तू अजून बोलून दाखवलेली नाहीस, पण मला ती कळते. हा कर्करोग नाही. ही वाढ पुढे जाऊन कर्करोग होते असंही नाही. पीएसए, म्हणजे कर्करोगाचा संशय बघायची रक्ततपासणी, नोव्हेंबरमध्ये ३.१ होता, डॉक्टरांनी बोटाने तपासलं त्यातही गाठ टणक लागली नाही. त्या बाजूने आज काळजीसारखं काही दिसत नाही.

काळजी आहे ती मूत्राशयाची. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं कारखान्यात मागांची देखभाल करणारे जॉबर होतात. मागाला नीट तेलपाणी नसेल तर मोटर जास्त ओढते, गरम होते आणि एक दिवस बसते, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. इथे तेच चाललंय. अरुंद वाटेतून लघवी ढकलायला मूत्राशयाचा स्नायू जोर लावतो, जाड होतो, मग थकतो. तो पुरता थकल्यावर वाट मोकळी केली तरी पूर्वीची ताकद सगळी परत येत नाही. पाणी मागे साचत राहिलं तर मूत्रपिंडांवरही दाब जातो. मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी तुमची क्रिएटिनिन आज ठीक आहे. म्हणूनच ऑपरेशन आत्ता करायचं.

गोळीने भागेल का, हे तुम्ही तीनदा विचारलंत. टॅमसुलोसिन दोन वर्षं चालू आहे. ती गोळी स्नायू सैल करते, ग्रंथी लहान करत नाही. लहान करणारी वेगळी गोळी असते, पण तिचा गुण यायला सहा-सहा महिने लागतात आणि ९२ ग्रॅमची, एकदा अडून झालेली गाठ तिच्या भरवशावर ठेवायला दोन्ही डॉक्टर तयार नव्हते. याच गोळीचं आणखी एक सांगायचंय. तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय ना? त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘टॅमसुलोसिन घेतो’ हे आधी सांगा. या गोळीने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते. गोळी बंद झाल्यानंतरही सांगायचं. आई, फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आता मुख्य गोष्ट. त्या शनिवारी आपण दोन डॉक्टरांकडे गेलो. पहिले म्हणाले दुर्बिणीतून, दुसरे म्हणाले लेझर. परत येताना सात रस्त्याला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘ज्याच्या दुकानात जी चादर, तीच तो चांगली म्हणणार की.’ मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी वाचलं, माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, आणि आता देते.

दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतूनच होतात. पोटावर चिरा नाही, लघवीच्याच वाटेने दुर्बीण आत जाते. कंबरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात. लेझर म्हणजे बाहेरून किरण सोडून जाळतात असं तुम्हाला वाटत होतं, तसं नाही. आणि आई, लेझर म्हणजे भूल नाही, संध्याकाळी घरी, असं तुला शेजारच्या काकूंनी सांगितलं तेही नाही.

जुन्या पद्धतीत दुर्बिणीतून एक तारेची कडी आत जाते, विजेने ती ग्रंथीच्या लहान लहान चकत्या कापून काढते. कित्येक दशकं हीच पद्धत सगळीकडे आहे आणि ती वाईट अजिबात नाही. मामांचं तिनेच झालं, ते आज ठणठणीत आहेत. पूर्वी त्यात ग्लायसिनचं पाणी वापरायचे. ऑपरेशन लांबलं तर ते पाणी रक्तात जाऊन सोडियम उतरायचं, माणूस भ्रमात जायचा. नव्या बायपोलर यंत्रात मिठाचं पाणी चालतं, त्यामुळे ती भीती गेली. पण चकत्या करत ९२ ग्रॅमची ग्रंथी काढायची म्हणजे वेळ जातो आणि रक्त जातं. साधारण ८० ग्रॅमपर्यंत ही पद्धत सोयीची, त्याच्या वर दुसरा विचार करतात. तुमची गाठ ५० ग्रॅमची असती तर मी पहिल्या डॉक्टरांकडेच चला म्हटलं असतं.

लेझर हे एकच ऑपरेशन नाही, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. आपल्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांचं मागे झालं ते हिरव्या लेझरचं. त्याचा किरण ५३२ नॅनोमीटरचा, डोळ्यांना हिरवा दिसतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि ग्रंथीची वाफ करून टाकतो. रक्तस्राव फारच कमी. पण वाफ झाली की तपासायला तुकडा उरत नाही, आणि मोठ्या ग्रंथीत काही भाग मागे राहून पुढे परत वाढायची शक्यता जास्त.

दुसऱ्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी सांगितलं ते होल्मियमचं. न्यूझीलंडमधल्या टॉरंगा गावी पीटर गिलिंग नावाच्या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली. याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या काचेच्या तंतूतून तो आत जातो. बाबा, तुमच्या हाताखालून गेलेल्या सुतासारखाच बारीक. हा किरण पाण्यात शोषला जातो, म्हणून उतीत अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल जात नाही. टोकाशी पाण्याचे बुडबुडे फुटतात आणि त्या धक्क्याने वाढलेला गर बाहेरच्या सालीपासून सुटत जातो. संत्र सोलताना आपण अंगठा सालीच्या आतून फिरवतो आणि गर अख्खा सुटून येतो, तसं. वाटेत लागलेली रक्तवाहिनी तंतू जरा मागे घेऊन तिथल्या तिथे बंद करतात. सुटलेला गर मूत्राशयात ढकलतात आणि फिरत्या पात्याच्या एका यंत्राने बारीक करून ओढून घेतात. तो सगळा पॅथॉलॉजीला तपासायला जातो. आई, तुझ्यासाठी हे महत्त्वाचं.

वाढलेला सगळा गर निघतो म्हणून पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण यात फार कमी आहे, आणि ग्रंथी कितीही मोठी असली तरी चालतं. रक्त कमी जातं, हे तुमच्या बाबतीत मोठं आहे, कारण २०१९ला स्टेंट बसल्यापासून तुम्ही ॲस्पिरिन घेता. ती गोळी ऑपरेशनआधी बंद करायची की चालू ठेवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरेल. तुम्ही मनाने एक दिवसही चुकवायची नाही. थुलियम नावाचा लेझरही असाच गर सोडवायला वापरतात, कुणी त्याचं नाव काढलं तर गोंधळू नका.

पण माझं मन लेझरच्या नावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकलंय. गर सोडवण्याचं हे काम अवघड आहे. साल आणि गर यांच्यामधली नेमकी पातळी धरायला हात बसावा लागतो, पन्नासेक ऑपरेशनं होईपर्यंत शिकणंच चालू असतं म्हणतात. ते पात्याचं यंत्र चालवतानाही मूत्राशय पाण्याने फुगवून ठेवावं लागतं, नाहीतर त्याची भिंत ओढली जाऊ शकते. तुमच्याच कारखान्यात एकाच जेकार्ड मागावर एकाचं कापड सरळ यायचं आणि दुसऱ्याचं बिघडायचं, तुम्ही नव्या पोराला सहा महिने एकट्याने उभं करत नव्हतात. म्हणून मी डॉक्टरांना समोर बसून विचारणार आहे. तुम्ही स्वतः अशी किती केलीत, ९० ग्रॅमच्या पुढची किती, यंत्र इथलंच आहे की त्या दिवसापुरतं आणणार, रात्री रक्ताची गुठळी अडकली तर कोण येणार. तुम्हाला हे विचारणं उद्धटपणाचं वाटेल. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. उत्तरं मनासारखी मिळाली तर सोलापुरातच करू, घर जवळ राहील. नाही मिळाली तर पुण्याला आणीन.

खर्च लेझरला जास्त आहे, लपवत नाही. तुमचं वय बहात्तर, म्हणजे सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड तुम्हाला मिळू शकतं. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. कुठल्या रुग्णालयात, कुठली पद्धत त्यात बसते ते आधी लेखी विचारून घेऊ. आधार कार्ड काढून ठेवा. आणि पैशांवरून पद्धत ठरवायची नाही, हे मी आणि दादाने बोलून ठेवलंय.

ऑपरेशननंतर काय होतं तेही सांगते, म्हणजे घाबरायला होणार नाही. नळी असेल, तिच्यातून मिठाचं पाणी सतत आत-बाहेर फिरत असेल, पिशवीत गुलाबी रंग दिसेल. बहुतेक एक-दोन दिवसांत नळी निघते. मग काही आठवडे जळजळ आणि घाई. काहींना उठता-बसता, खोकताना थेंब-थेंब गळतं. या पद्धतीत ते सुरुवातीला दिसतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत थांबतं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळायचा व्यायाम आतापासूनच सुरू करा, बसल्या जागी होतो, कुणाला कळतही नाही. दहा-पंधरा दिवसांनी खपली निघून पुन्हा थोडं रक्त दिसू शकतं. जोर करायचा नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी थोडे दिवस बाजूला ठेवून मऊ खा. लघवी थांबली, गुठळ्या आल्या, ताप आला, तर सकाळची वाट न बघता निघायचं.

आणखी एक गोष्ट आहे. मुलीने वडिलांना लिहावी अशी नाही, पण डॉक्टरांनी ती घाईत सांगितली आणि तुमचा चेहरा पडला, तो मी बघितला. या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्याने इजा होत नाही, ताठरता सहसा जशी होती तशीच राहते. तुमच्या मनात याबद्दल काही असेल तर दादाला घेऊन डॉक्टरांशी एकट्याने बोला. मी बाहेर बसेन. माझ्यासमोर हा विषय पुन्हा निघणार नाही, मीही काढणार नाही.

ग्रंथीची साल आतच राहते, त्यामुळे पुढेही वर्षाला एकदा पीएसए करायचा. तो आकडा ऑपरेशननंतर बराच खाली येईल, तो नवा आकडा फाइलला लावून ठेवायचा, पुढची तुलना त्याच्याशी.

बाबा, तुम्ही परवा फोनवर म्हणालात, ‘वय झालं की असं व्हायचंच, आता कशाला फाडाफाड.’ वय झालं की मोतीबिंदूही होतो, तो तुम्ही काढायला तयार आहात. मग डोळ्यांचं चारचौघांत सांगता येतं आणि याचं येत नाही, एवढाच काय तो फरक. त्या संकोचापायी तुम्ही पाणी सोडलंत, गड्डा सोडलात, भावकीतली दोन लग्नं सोडलीत, मागच्या दिवाळीला पुण्याला यायचं सोडलंत. एसटी मध्ये कुठे थांबेल याचा हिशोब तुम्ही करत होतात आणि मी मात्र तुम्ही येत नाही म्हणून रुसून बसले होते. ते मला फार लागलंय.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते. रात्री स्टेशनवर घ्यायला यायचं नाही, मी रिक्षाने येईन. शनिवारी सकाळची साडेदहाची वेळ घेतली आहे. सोनोग्राफी, ईसीजी, स्टेंटची जुनी फाइल, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवा. निघण्याआधी पाणी पिऊन घ्या, तिथे पुन्हा धार मोजतील.

आई, ते कॅलेंडरचं पान घडी घालून त्याच पिशवीत ठेव. दुधाच्या खाड्यांसकट असू दे, डॉक्टरांना तसंच दाखवू.

तुमची,
सुमी